डब्यातला कोरस

रेकॉर्डिंगमध्ये आईचा 'स' नीट येत नव्हता. बाकी सगळं जागेवर होतं. 'आ' मोकळा होता, 'म' भरलेला होता, 'ग'ला तिचा नेहमीचा धक्का होता. फक्त जिथे 'स' यायला हवा तिथे बोथट हवा निघत होती. 'श'चंही तेच. 'च' जरा बरा. मी हेडफोन कानावर दाबून ती ओळ पुन्हा लावली. बाबांनी रचलेल्या गाण्याची ओळ होती, 'सांगा सयांनो सांगा, सकाळ कोणी आणली.' एका ओळीत इतके 'स', आणि एकही धड नाही.

"उमर झाली ना आता तिची," अश्वजीत म्हणाला. "वरून कवळी. मी काही बोललो नाही, पण होळीपासून आईचा आवाज दबलाच आहे. तू फक्त मागे येणारी ती घूं घूं काढून दे, ताई. बाकी मी ॲडजस्ट करतो."

अश्वजीत माझा धाकटा भाऊ. आई आतल्या खोलीत भांडी लावत होती आणि मधलं दार उघडं होतं. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मला राग आला, पण तो मी बाजूला ठेवला. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. आधी कारण शोधायचं आणि मग बोलायचं, अशी सवय आहे. म्हातारपणी आवाज कापतो, पट्टी खाली येते. पण 'आ' तसाच ठेवून एकटा 'स' जात नाही. 'स' गळ्यात तयारच होत नाही, तो दातांवर घासून जाणाऱ्या हवेचा आवाज असतो. आणि कवळी तर बाबा होते तेव्हापासूनच आई लावते. तेव्हा तिचा 'स' मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

बाबांचं नाव डोमाजी. फॅक्टरीतून आले की ते इथे, हिंदी मुलखातल्या रांझीत, याच खोलीत हार्मोनियम काढून बसायचे. जयंतीच्या दिवसांत 'डोमाजी आणि पार्टी' पार कुंडम-पाटनपर्यंत गायला जायची. पार्टीत बसायची एक रीत असते. पुढे मुख्य गायक, त्याच्याच नावाने पार्टी ओळखली जाते. त्याच्या मागे अर्धगोल करून कोरस. आमचा कोरस बायकांचा होता. आई, भागीरथा मावशी आणि वस्तीतल्या आणखी काही जणी. लहानपणी मीही त्यात बसले आहे. कोरसने गायकाची ओळ संपायची वाट बघायची नसते. त्याचा शेवटचा शब्द हवेत असतानाच ओळ उचलायची. ती उचल कधी, हे आई ठरवायची. बाकीच्या तिच्या खांद्याकडे बघत असायच्या. लोक रंगात असले की आई थोडं थांबवायची, बाबा शेवटचा शब्द ताणत राहायचे, आणि मग एकदम सगळ्या जणी.

बाबा गेल्यावर पुढची जागा रिकामी झाली. बायका आईला म्हणाल्या, आता तू बैस. आई म्हणाली, पाहू. पाटनच्या समितीनेही तिलाच विचारलं होतं. त्यांनाही तिने पाहूच म्हटलं. त्यानंतर एका कार्यक्रमात अश्वजीत गिटार घेऊन त्या जागेवर बसला. त्याने कोणाला विचारलं नाही आणि त्याला कोणी उठवलं नाही. गिटार तो चांगली वाजवतो, हेही खरं.

आता त्याने लूपर आणला होता. पायाने दाबायची दोन बटणं असलेला लोखंडी डबा. बटण दाबलं की जे चाललंय ते रेकॉर्ड होतं. पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा गोल फिरत राहतो आणि त्यावर दुसरे थर चढवता येतात. माईकही त्यालाच लागतो. लॅपटॉपला जोडला की घरीच रेकॉर्डिंग. यंत्र चांगलं आहे. माझं भांडण यंत्राशी नव्हतं.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. आधी कूलर बंद केला. मधूनच येणारी चरचर गेली.

"गर्मीने मारशील," अश्वजीत म्हणाला.

"रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत बंद ठेव. कूलरची मोटर याच लाइनवर आहे."

मग प्रत्येक फेरीला येणारा 'खट्' पाहिला. तुकडा जिथे संपतो आणि पुन्हा सुरू होतो, तो जोड नीट बसत नव्हता. स्क्रीनवर आवाजाची रेघ मोठी करून बघितली. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला बायकांचा पहिला शब्द अर्धाच होता.

"हे तर त्यांचंच आहे," अश्वजीत म्हणाला. "टायमिंग नाही यार. मी किती समझवलं, माझी लाइन संपू द्या, मग या. नाही. मधातच घुसतात."

"मधातच घुसायचं असतं. ती उचल आहे. तू बटण दाबतोस तोवर त्या आत आलेल्या असतात. बटण आधी दाब."

"किती आधी? आई दर वेळी वेगळं करते."

"मग आईकडे बघ."

"पाटनच्या प्रोग्रामला कुठे बघणार आईकडे?" तो म्हणाला आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागला.

मी हेडफोन काढला. "म्हणजे?"

"म्हणजे काय. लूप आहे ना. कोरस इथे भरून घेऊन राहिलो. स्टेजवर मी एकटा, गिटार, आणि हे." त्याने पायाने डब्याला हलकेच टोचलं. "समितीचे सुगतभैया आज येऊन राहिले फायनल करायला. बॅनर छापायचंय. एवढ्या गर्मीत या म्हाताऱ्या बायांना जीपमध्ये कोंबून कायले न्यायचं? त्यांचाच त्रास वाचतो. अन् साउंड बी क्लीन."

"त्यांना विचारलंस?"

"आईला सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

माझा हात लॅपटॉपच्या बटणावर होता. तो मी उचलून मांडीवर ठेवला. ओरडावंसं वाटत होतं आणि मला ओरडता येत नाही. राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो. विद्यार्थी त्याला घाबरतात. भावाला त्याचं काही नाही.

तेवढ्यात भागीरथा मावशी आली. आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. चपला काढायच्या आधीच आतल्या आईला हाक मारत बोलायला लागली. "चल गं पुष्पी, मी आली. हर्षू, तू कधी आली? बारीक झाली. पांढऱ्या साडीला कलफ देऊन ठेवला बाई पाटनसाठी, अशी कडक झाली का एकटी उभी राहीन. काय रे अश्वजीत, जीप किती वाजता येते त्या दिवशी?"

अश्वजीतने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडेच बघत होते. मी काहीही मदत केली नाही.

"मावशी, जीप... छोटी आहे," तो म्हणाला.

"मग मांडीवर बसू. नेहमीच बसतो."

"तसं नाही. तुमचा आवाज याच्यात भरून नेतो मी. तुम्ही आरामात घरी बसा. फोनवर लाइव्ह दिसेल सगळं."

मावशीने डब्याकडे बघितलं. वाकून बघितलं, बटणं बघितली. "याच्यात? सगळ्या जणींचा?"

"हो."

"अन् पाणी कोण पाजते याले? का तेही नाही लागत?" ती सरळ झाली. "वा रे राजा! आम्ही गाऊ, तू डब्यात भरू, अन् टाळ्या एकटा घेऊन येजो घरी. लोणचं आहे का आम्ही? बरणीत भरलं अन् निघाला पाटनला!"

"मावशी, तुम्हाला टेक्निकल नाही समजत..."

"नाही समजत. साडीचा कलफ समजते मला."

मी हसले नाही, पण आतून कोणीतरी दार उघडल्यासारखं वाटलं. आई चहाचे कप घेऊन बाहेर आली, ठेवले, आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "चहा घ्या. अन् जे गायचं ते गाऊन टाकू. हर्षूला परत जायचं आहे."

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून ती रोज त्या डब्यासमोर उभी राहून गात होती.

घूं घूं अजून राहिली होती. ती विचित्र होती. एकसारखी नव्हती, मध्येच वाढायची, मध्येच कमी व्हायची. अश्वजीत म्हणाला, माईकला हात लावला की बदलते. मी म्हटलं, आई, उभी राहा आणि ओळ म्हण, मला बघायचंय. आई कूलरसमोर जाऊन उभी राहिली. तिथली फरशी ओली होती, कूलरमधून पाणी झिरपतं. अनवाणी. तिने कमरेचा रुमाल काढला, त्याची घडी केली, माईकच्या डोक्यावर दोन वेढे देऊन गाठ मारली आणि रुमालाच्या खालीच माईक धरला. एवढं सगळं न बघता केलं. वेणी घालावी तसं.

"हा रुमाल कशाला?" मी विचारलं.

"असाच. सवय."

"कोणती सवय? बाबांच्या वेळी तू माईकला रुमाल नव्हतीस बांधत."

आई रुमालाची गाठ आवळत राहिली. मावशी बोलली. "सवय कायची? करंट लागते त्याले! ओठ टेकला का मुंग्या येते. मला तर एक दिवस असा झटका बसला का कवळी हालली. पुष्पी म्हणे, गप राह्य, पोराचं नवं मशीन आहे, त्याला नको सांगू."

"आई?"

"थोडासाच लागते," आई म्हणाली. "रुमाल बांधला का नाही लागत."

मी बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून टेस्टर आणला. माईकच्या जाळीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. मंद, पण लागला. मग मी माईकपासून मागे मागे गेले, माईक डब्याला, डबा गिटारच्या ॲम्पला, ॲम्पची वायर पलंगामागच्या बोर्डाला. प्लग ओढून काढला.

तीन पिनांच्या प्लगला दोनच पिना होत्या. वरची जाडी पिन, अर्थिंगची, मुळाशी आरीने कापलेली होती. कापल्यावर कानस मारून जागा गुळगुळीत केली होती. काम अगदी मन लावून केलं होतं.

"हे कोणी केलं?"

"मीच," अश्वजीत म्हणाला. "आधी खूप मोठी हम्म होती. एका व्हिडिओत सांगितलं होतं, अर्थ पिन काढा, हम्म जाते. गेलीच ना."

"ही पिन कशासाठी असते?"

"ताई, क्लास नको घेऊ."

"कशासाठी असते ते सांग."

मग मीच सांगितलं. सावकाश सांगितलं, कारण वेगाने बोलले असते तर माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघालं असतं. ॲम्पच्या धातूच्या अंगावर जी वीज झिरपते, तिला जमिनीत जायला ही पिन रस्ता देते. तू तो रस्ता कापलास. मग वीज दुसरा रस्ता शोधते. डब्यातून माईकमध्ये, माईकमधून ओठात, आणि ओठातून या ओल्या फरशीत. मधे आई. आज ती नुसती झिरपतेय म्हणून मुंग्या येताहेत. उद्या आतली एक वायर सुटून पत्र्याला टेकली, तर मुंग्या येणार नाहीत.

"इतकं नाही होत. सगळे कापतात," तो म्हणाला. पण आवाज उतरला होता.

"सगळ्यांच्या आया ओल्या फरशीवर उभ्या नसतात. आणि आणखी एक. 'स'चे सूर फार वरचे असतात, जाड कापडातून ते पार होत नाहीत. 'आ' होतो. तुला ऐकू आलं होतं की काहीतरी गेलंय. होळीपासून ऐकू येतंय, असं तूच म्हणालास. मग तू डबा तपासलास? वायर तपासली? माईककडे एकदा मान वळवून बघितलंस? तिच्या हातात रुमाल होता, अश्वजीत. तुझ्यासमोर. रोज. आणि तू ठरवलंस की आई म्हातारी झाली."

"मला काय माहीत रुमाल कायले आहे! तिने सांगायला नको?"

"मागच्या वेळी दुसरं एक सांगून पाहिलं होतं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरानं ऐकू येते म्हटलं होतं. तू म्हणाला, तुम्हाला मशीन नाही समजत, तुम्ही फक्त गा."

तो पलंगाच्या कडेला बसला. कानापर्यंत लाल झाला होता. मला त्याची दया येत होती आणि ती मला नको होती.

पेटीत नवा प्लग सापडला. बोर्डाच्या अर्थिंगला खरंच काही जोडलेलं आहे का, ते आधी फेज आणि अर्थिंगच्या मधे बल्ब जोडून बघितलं. होतं. प्लग बदलला, फरशी पुसली, ॲम्प सुरू केला. जुनी मोठी घूं घूं भिंतीसारखी उभी राहिली.

"बघ!" अश्वजीत उठला. "याच्यासाठीच कापली होती!"

"लॅपटॉपचा चार्जर कुठे आहे?"

"किचनमध्ये. इकडे जागा नाही बोर्डात."

"दोन खोल्यांतून दोन अर्थिंग येऊन तुझ्या डब्यात भेटताहेत. वायरचा हा एवढा मोठा फेरा झालाय, त्यातून घूं घूं येते. सगळं एका बोर्डावर आण."

त्याने एक्स्टेन्शन ओढत आणलं. लॅपटॉप, ॲम्प, डबा, सगळं पलंगामागच्या एकाच बोर्डावर. घूं घूं गेली. नळ बंद केल्यावर होते तशी शांतता झाली. होळीलाच एवढ्याशाने काम झालं असतं.

टेस्टर पुन्हा जाळीला टेकवला. अंधारा. मी माझा ओठ टेकवून बघितला, मग माईक आईला दिला. तिने रुमाल कमरेला खोचला. मावशी तिच्या मागे उभी राहिली, एक पाऊल डावीकडे, जिथून आईचा खांदा दिसतो. अश्वजीतने गिटार छेडली, ओळ घेतली, आणि त्याचा शेवटचा शब्द संपायच्या आत दोघींनी ती उचलली.

सांगा सयांनो सांगा.

प्रत्येक 'स' स्वच्छ, धारदार होता. खोली लहान पडली. दोघीच होत्या आणि अंगणात चालणारं कोणीतरी थांबलं.

अश्वजीतने पायाने बटण दाबलं. या वेळी वेळेवर. दोघी गप्प झाल्या तरी त्यांचे आवाज डब्यातून येतच राहिले, जोड न दिसता, फेरीवर फेरी.

"परफेक्ट!" त्याचा चेहरा उजळला होता. खरोखर आनंद झाला होता त्याला. "ताई, तू ग्रेट आहे यार. आई, ऐकून राहिली ना? आता बाकीच्यांना बोलावून हेच चार थर टाकले का झालं. पाटनला कोणाला कळणारसुद्धा नाही का तुम्ही तिथे नाही."

ते वाक्य बोलताना तो हसत होता. लहानपणी शाळेतून बक्षीस आणलं की असाच हसायचा. आणि तोवर मी जे नीटनेटकं करत बसले होते ते कशासाठी होतं, हे मला त्या हसण्यात दिसलं. घूं घूं होती, 'खट्' होतं, 'स' नव्हता, तोपर्यंत या बायकांची गरज होती. मी एकेक दोष काढत गेले आणि त्यांना मंचावरून उतरवायचं काम माझ्याच हाताने पूर्ण केलं. मी लूपरचं बटण दाबलं. आवाज तुटला.

"काय केलं?"

"बंद केलं. हे पुसून टाक."

"पागल झाली का? एवढा चांगला टेक!"

"कळणारसुद्धा नाही, म्हणालास. कळायला हवं. त्या तिथे बसल्या आहेत हे लोकांना दिसायला हवं."

"तू वर्षातून एकदा येणार, भाषण देणार अन् जाणार," तो आता चिडला होता. "कार्यक्रम मी मिळवतो, फोन मी करतो, भैया भैया मी करत फिरतो. बाबांनंतर कोणी सांभाळलं नाव? तू?"

त्यात खोटं काही नव्हतं. मावशीने तोंड उघडलं. पण तेवढ्यात अंगणातून हाक आली, "अश्वजीत! हो क्या घर पे?" मघाशी थांबलेली पावलं सुगतची होती. पाटनच्या समितीचा सेक्रेटरी. मूळ घरचा भंडाऱ्याचा, पण जन्म इथलाच, निम्मं हिंदी बोलतो. आत आला, आईच्या पाया पडला, कपाळ पुसलं.

"मावशी, बाहेरून ऐकून राहिलो होतो मी. रोंगटे खडे झाले. चलो, अच्छा है, रिहर्सल चालू आहे." त्याने फोन काढला. "अश्वजीत, बॅनरवाला बसला आहे. नाव काय टाकायचं, अन् माणसं किती, एवढं सांग. गाडी त्या हिशोबानं पाठवतो."

"अश्वजीत लाइव्ह," अश्वजीत म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. "एकटाच आहे. कोरस मशीनमध्ये आहे."

सुगतने डब्याकडे बघितलं, मग दोघींकडे. "मशीनमध्ये? अन् मावशी नाही येणार?" तो गोंधळला. "मावशी, मागच्या वर्षी बी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणाल्या पाहू. लोक विचारतात ना. काय सांगू?"

आईने मधे येऊ नकोस म्हणून हात वर केला, मावशीसाठी की माझ्यासाठी ते समजलं नाही. ती अश्वजीतकडे बघत होती. रागाने नाही, असं मी म्हटलं तर ते चुकीचं होईल. मी तिला इतकी रागावलेली कधी पाहिली नव्हती. तिचा राग इतका शांत असतो हेही मला माहीत नव्हतं. आणि माझा तसा राग कोणाकडून आला हे तेव्हा कळलं.

"गिटार आणजो तू," ती अश्वजीतला म्हणाली. "चांगली वाजवतो. डबा आणायचा तर तोही आण, त्याच्यात तुझी गिटार भर. पण बसायचं माझ्या मागे, अन् माझ्या खांद्याकडे बघायचं."

"आई..."

"मी बोलून राहिली." मग ती सुगतकडे वळली. "पाहू-बिहू काही नाही आता. यंदा पुढे मी बसते. बॅनरवर लिही, पुष्पा आणि पार्टी. अन् गाडी मोठी पाठवजो, सगळ्या जणी येतो."